कानापासून आकड्यापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचा बीसी-२२१ हा फ्रिक्वेन्सी मीटर सिग्नलवाल्यांच्या नित्य वापरातला होता. आत व्हॉल्व्ह अवघे ३ आणि १००० किलोहर्ट्‌झचा एक स्फटिक. पल्ला १२५ किलोहर्ट्‌झ ते २० मेगाहर्ट्‌झ. खरं मोजमाप मात्र कान करायचा. अनोळखी लहर आणि मीटरची स्वतःची लहर एकत्र मिसळली, की हेडफोनमध्ये शिटी वाजे. चकती फिरवत जावं तशी ती खाली उतरे, घरघर होई आणि मग आवाज थांबे. दोन्ही लहरी जुळल्या, एवढाच त्याचा अर्थ. थोडं पुढे गेलं की शिटी पुन्हा चढू लागे.

मग चकतीवरचा आकडा घेऊन सोबतच्या पुस्तिकेत वारंवारता शोधायची. मला या यंत्राबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या पुस्तिकेसाठी. ती सगळ्या नगांसाठी छापलेली सरसकट प्रत नव्हती. प्रत्येक मीटर स्वतंत्र तपासून त्याची वेगळी कोष्टकं तयार केली जात. युद्धानंतर हे मीटर मोडीच्या भावात हौशी रेडिओवाल्यांकडे आले. त्यांतल्या ज्यांची पुस्तिका हरवली, त्यांची अचूकताही तिच्याबरोबर गेली. दुसऱ्या मीटरची पुस्तिका त्यांना चालत नाही.

१९५१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा ५२४ए काउंटर आला. कंपनीचे अभियंता अल बॅग्ली यांचं काम सुरू झालं होतं ते किरणोत्सारी कणांची वेगवान मोजणी करण्यासाठी. तीच विद्या लहरी मोजायला लागू पडली. कल्पना साधी: स्फटिकाच्या तालावर ठरावीक वेळ, समजा १ सेकंद, दार उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात आत आलेली आवर्तनं सरळ मोजायची. सेकंदाला १ कोटी आवर्तनं व्हॉल्व्हनी एकही न चुकवता मोजायची, हे त्या काळी फार मोठं धाडस होतं. समोर आकड्यांचे उभे स्तंभ. पेटलेले निऑन दिवे वाचले की उत्तर हातात. ज्या मोजमापाला पूर्वी १० मिनिटं लागत, ते १-२ सेकंदांवर आलं. आपली वारंवारता कायद्याच्या मर्यादेत ठेवणं रेडिओ केंद्रांना सोपं झालं.

पुढे यंत्रात खोचायचे जोडभाग, म्हणजे प्लग-इन आले, स्तंभांच्या जागी आकडे उजळून दाखवणाऱ्या निक्सी नळ्या आल्या. त्याच कंपनीच्या १९६३ च्या ५२४५एल काउंटरमध्ये मोजणी ट्रान्झिस्टरांकडे गेली आणि पल्ला ५० मेगाहर्ट्‌झवर पोहोचला. कायम तापमानाच्या पेटीत जपलेला स्फटिक मात्र त्यातही होताच.