नवघरचा गाळा आणि भुलेश्वरची पेढी

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आजूबाजूच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये स्टीलची भांडी तयार करणारे गाळे आहेत. पत्र्याचं सर्कल प्रेसवर चढतं, बफिंगला जातं आणि संध्याकाळी खोक्यांतून टेम्पोत भरलं जातं. अशा कितीतरी गाळ्यांमागची पेढी मात्र मुंबईत, भुलेश्वर किंवा तांबा काट्याच्या बाजूला असते. माल इकडे, बिलाचं पुस्तक तिकडे. गिऱ्हाईक पेढीवर बसून पाचशे डबे मागतं तेव्हा ते गाळ्यात आहेत का, हे फोन करूनच विचारावं लागतं.

दोन्हीकडची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एकच असावी, ही मागणी अगदी साधी आहे. त्यासाठी कोणी रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप नेतं, कोणी स्टॉकच्या वहीचा फोटो पाठवतं, तर कोणी एनीडेस्क दिवसभर चालू ठेवतं. खरा उपाय म्हणजे दोन कार्यालयांच्या नेटवर्कमध्ये इंटरनेटवरूनच एक खासगी बोगदा खणणं. त्याला आपण व्हीपीएन म्हणतो. पूर्वी ही मोठ्या कंपन्यांची चैन होती. आज दहा माणसांच्या गाळ्यालाही ती परवडते, आणि माझ्या मते ती त्याने करायलाच हवी.

बोगद्यातलं गुपित सुरक्षित राहील का, ही शंका सगळ्यांना आधी येते. गंमत म्हणजे तोच भाग सर्वांत पक्का आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिलं, की दोघांमधला सगळा संवाद तिसरा माणूस ऐकत असला तरी त्या दोघांना एक गुप्त संख्या ठरवता येते. दोन्ही टोकांना एकेक खासगी किल्ली असते आणि तिच्यापासून बनवलेली एक सार्वजनिक किल्ली असते. सार्वजनिक किल्ल्यांची अदलाबदल झाली की दोघेही गणिताने एकाच गुपितापर्यंत पोहोचतात. ऐकणाऱ्याला उलटा हिशेब करावा लागतो, आणि तो आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. जेसन डोनेनफेल्ड यांचं वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर याच पायावर उभं आहे. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात आलं. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा आहे, त्यामुळे एखादा जाणकार तो खरोखर वाचून तपासू शकतो. सुरक्षिततेच्या साधनाबाबत हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

अडतं ते पत्त्यापाशी. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचे. ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी होतात. आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. म्हणून अनेक नेटवाले शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला देतात. टपाल इमारतीच्या गेटपर्यंत येतं, पण कोणत्या खोलीत द्यायचं ते वॉचमनलाच ठाऊक असतं, तसा हा प्रकार आहे. आतून कोणी आधी बाहेर निरोप पाठवला असेल तरच त्याचं उत्तर आत येतं. बाहेरून आपणहून आलेला निरोप दारातच थांबतो.

आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहोत का, हे राउटरच्या स्टेटस पानावर बऱ्याचदा कळतं. तिथे १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर आहोत. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. पण दोन्हीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा सार्वजनिक पत्ता, विकत घ्यायची गरज नसते. एका टोकाला, म्हणजे पेढीवर किंवा गाळ्यात, सार्वजनिक पत्ता असला की पुरतं. दुसरं टोक स्वतःहून त्याला गाठतं आणि त्याच वाटेने उत्तरं परत येतात. मधला राउटर ही वाट थोड्या वेळाने विसरतो, म्हणून वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक रिकामी चिठ्ठी पाठवायची सोय आहे. दोन्ही टोकं सामायिक पत्त्यामागे असतील तर मात्र दोघांची गाठ घालून देणारा तिसरा सर्व्हर लागतो. टेलस्केल आणि झीरोटियर ह्या सेवा तेच करतात.

आणखी एक अडचण अगदी क्षुल्लक दिसते, पण पुष्कळ वेळ खाते. घरगुती राउटर बहुतेक वेळा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असेच आतले पत्ते वाटतात. पेढीतही तेच, गाळ्यातही तेच. मग पेढीवरच्या संगणकाने १९२.१६८.१.१० हा सर्व्हर मागितला, की राउटरला तो आपल्याच खोलीतला वाटतो आणि निरोप बोगद्यात शिरतच नाही. बोगदा खणण्याआधी एका ठिकाणचे पत्ते बदलून १९२.१६८.२० करून घ्यावेत.

आता वेगाचा प्रश्न. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन असूनही बोगद्यातून उघडलेली टॅली रखडते, ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेक वेळा कनेक्शनचा नसतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भाईंदर ते भुलेश्वर चाळीसेक किलोमीटर धरले, तर जाऊन यायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. प्रत्यक्षात दोन वेगळ्या नेटवाल्यांची जाळी, त्यांची अदलाबदलीची ठिकाणं आणि मधले राउटर धरून एका फेरीला दहा मिलिसेकंद लागतात असं समजा. तेही किरकोळच. पण दूरच्या फोल्डरमधून फाइल उघडणारा प्रोग्राम एका दमात सगळं मागत नाही. तो थोडं मागतो, थांबतो, पुन्हा मागतो. एका रिपोर्टसाठी अशा दोन हजार फेऱ्या झाल्या तर वीस सेकंद गेले, आणि कनेक्शन दुप्पट वेगाचं घेतलं तरी ते वीसच राहतात. म्हणून डेटा प्रवासाला पाठवूच नये. टॅली गाळ्यातल्या संगणकावरच चालू द्यावी आणि पेढीवर रिमोट डेस्कटॉपने फक्त तिचा पडदा आणावा. फेऱ्या आतल्या आत मिटतात, बाहेर येतं ते चित्र.

इथेच सर्वांत महाग पडणारी चूक होते. बोगद्याचा व्याप टाळायला कोणीतरी राउटरवर ३३८९ हे पोर्ट उघडून देतं आणि रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर येतो. काम झटक्यात होतं, सगळे खूश होतात. पण जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम असं उघडं दार रात्रंदिवस शोधत असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली, तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येत होतं. धोका इतका मोठा होता, की मायक्रोसॉफ्टने त्याच्या पाच वर्षं आधी निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. ते दार बोगद्याच्या आत ठेवलं तर किल्ली नसलेल्याला ते दिसतही नाही. वायरगार्ड अनोळखी निरोपाला उत्तरच देत नाही.

व्हीपीएन कायद्यात बसतं का, असंही विचारलं जातं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपण्याचा नियम केला, तो व्हीपीएनची सेवा लोकांना विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या दोन कार्यालयांना जोडणारा धंदेवाला त्यात येत नाही.

किल्ल्या मात्र माणसागणिक वेगळ्या द्याव्यात. अकाउंटंटने नोकरी सोडली, की सर्व्हरवरून त्याच्या किल्लीची ओळ काढली म्हणजे झालं. बाकी कोणाचा पासवर्ड बदलावा लागत नाही. पेढीवरच्या संगणकांना गाळ्यातलं सगळं नेटवर्क उघडून देण्याचंही कारण नाही, फक्त टॅलीचा एक संगणक पुरे. पेढीवर कोणी भलती फाइल उघडली आणि रॅन्समवेअर शिरलं, तर तेही याच बोगद्यातून गाळ्याकडे येऊ शकतं. म्हणून रोजच्या बॅकअपची एक डिस्क बोगद्याच्या दोन्ही टोकांपासून सुटी करून कपाटात ठेवावी. आणि वीज गेली तरी बोगदा तुटू नये, म्हणून गाळ्यातला राउटर यूपीएसवर जोडावा.