विमान उतरताना बाळ का रडते?

विमानात बाळ शांत झोपलेले असते. विमान उतरू लागते आणि ते एकाएकी कळवळून रडू लागते. शेजारचे प्रवासी कपाळाला आठ्या घालतात, आई ओशाळते. पण बाळ किरकिरे नसते. बहुधा त्याचा कान दुखत असतो. याचे कारण हवेच्या दाबात आहे.

प्रवासी विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. तेथील विरळ हवेत माणूस जगू शकणार नाही, म्हणून विमानात दाबाखाली हवा भरतात. तरीही हा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. विमानात तो सुमारे ५६५ मिलिमीटरपर्यंत उतरू शकतो. म्हणजे आपण जणू २४०० मीटर उंच डोंगरावर बसलेलो असतो.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्णाची हवेने भरलेली पोकळी असते. तेथे हवा ये-जा करण्याची वाट एकच : नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्यावरून तिला हे नाव पडले. ती एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते.

विमान चढताना मध्यकर्णातील हवा प्रसरण पावते आणि नलिकेतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि नलिकेची घशाकडची मऊ बाजू झडपेसारखी दाबून बसते. हवा आत शिरत नाही, पडदा आत ढकलला जातो, ताणतो व दुखतो. दाबांतील फरक सुमारे ९० मिलिमीटरपलीकडे गेला, तर स्नायूंना नलिका उघडणेही जमत नाही.

मोठी माणसे आवंढा गिळून कान मोकळे करतात. बाळाला ते सांगून कळत नाही. शिवाय त्याची नलिका मोठ्यांच्या नलिकेच्या जवळपास निम्म्या लांबीची, अरुंद आणि बरीचशी आडवी असते. त्यात झोपेत गिळणेही कमी होते.

म्हणून उपाय वेळेवर करायला हवा. विमान उतरू लागताच, म्हणजे जमिनीला टेकण्यापूर्वी साधारण अर्धा तास, बाळाला जागे करून, डोके थोडे वर धरून, थांबत थांबत पाजावे किंवा चोखणी द्यावी. रडू लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरे. बाळाला सर्दी असेल किंवा त्याचा कान दुखत असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

हे मुलांना दाखवायला विमान लागत नाही. सहल महाबळेश्वरला गेली, तर तेथे, सुमारे १३५० मीटर उंचीवर, प्लॅस्टिकची पातळ रिकामी बाटली घट्ट बंद करा आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. बाटली चेपलेली दिसेल. झाकण सैल करताच हवा आत शिरते आणि बाटली पुन्हा फुगते. मग मुलांना विचारा : कानाच्या बाबतीत हे झाकण कोणते, आणि ते उघडते कशाने?