काळोख लवकर पडतो, तेव्हा दोरीचा मल्लखांब

पावसला थंडी ती कितीशी! मुलं घरात बसतात ती गारठ्यामुळे नव्हे, काळोखामुळे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेतून येऊन चहा-खाणं होईतो अंगण अंधारलेलं असतं आणि हातात मोबाइल आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. शिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम हवा.

छपराखाली हे साधणारा, थोडा धाडसाचाही खेळ आपल्याकडे आहेच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा रुजवला. २०१९ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कला झाली. त्यातला दोरीचा प्रकार सभागृहातही करता येतो. या दोरीला गाठ नसते. ती पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरून चढायचं, त्यामुळे बोटांपासून पोटापर्यंत सगळे स्नायू राबतात. शिवाय किती उंच जायचं, हे मूल स्वतः जोखायला शिकतं.

दोरी अंगाभोवती वेढली जाते, म्हणून व्हिडिओ पाहून घरी पंख्याच्या हुकाला दोरी किंवा ओढणी बांधणं जिवावर बेतू शकतं. खाली जाड गादी आणि समोर जाणता प्रशिक्षक हवाच. आधी दहा मिनिटं धावून अंग मोकळं करावं. गळ्यातली साखळी, कानातले डूल काढून ठेवावेत.