झोपेची गोळी बंद कशी करायची?

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या आसपासच्या औषध दुकानांत ‘झोपच लागंना, कायतरी द्या’ ही मागणी नवी नाही. मागणाऱ्याला फिटच्या गोळ्या चालू असतील, तर फार्मासिस्टने आधी त्या कोणत्या हे पाहायला हवं. रात्रीची गोळी क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम असेल, तर गुंगी आणणारं औषध पोटात आधीच जातंय. वर झोपेसाठी अल्प्राझोलाम म्हणजे एकाच जातीची दोन औषधं. फिनोबार्बिटोन असेल, तर श्वासही मंदावू शकतो, आणि त्यात दारू असली की फारच. कार्बामाझेपिन व फेनिटॉइनचं उलटं: त्यांच्यामुळे यकृत झोल्पिडेम ही झोपेची गोळी लवकर संपवतं, गोळी लागू पडत नाही आणि माणूस आपल्याच मनाने दुसरी घेतो. एवढं असूनही, गोळी सुरू करण्याइतकाच, किंबहुना जास्त, धोका मला ती अचानक बंद होण्यात दिसतो. काही आठवडे रोज घेतलेली अल्प्राझोलाम एकदम थांबली, तर कधी फिट न आलेल्यालाही ती येऊ शकते. अपस्माराच्या रुग्णाचं तर बोलायलाच नको. 2014 पासून अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच1 या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत, विक्रीची नोंद तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीशिवाय दुकानदार नाही म्हणतो ते योग्यच, पण गोळ्या संपल्यावर काय, हे चिठ्ठीत बहुधा नसतं.

यावर कुणी म्हणेल, जागरणानेच फिट येते, मग झोपेची गोळी हाच उपचार नव्हे का? मुद्दा खोटा नाही. 1912 मध्ये आल्फ्रेड हाउप्टमन यांनी झोपेसाठी दिलेल्या फिनोबार्बिटोननेच फिट कमी झाल्याचं नोंदवलं होतं. पण शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्याची झोप पाळीने मोडते, दुसऱ्याची घोरताना श्वास अडकल्याने, तिसऱ्याची लेव्हेटिरासिटाम या फिटच्या गोळीने, चौथ्याची रात्रीच्या फिटनेच. या चौघांना एकच गोळी कशी चालेल? घोरताना श्वास अडकणाऱ्याला तर ती घातकही ठरू शकते. काहींच्या बाबतीत डॉक्टरांनी चालू गोळीची वेळ बदलली तरी भागतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ‘साधं’ काहीतरी मागितलं जातं. पण काही खोकल्याच्या सिरपांतलं डायफेनहायड्रामिन गुंगी देतं आणि फिटची शक्यताही वाढवू शकतं. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी गोळी किती दिवस, कमी कधी आणि कशी करायची, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं, तर एक फेरी वाचेल आणि दुकानदारालाही काय सांगायचं ते कळेल.