भ्रमणध्वनीवरील स्थानिक नामनिर्णय

बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासास निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती आता स्वतंत्र ध्वनिमुद्रक क्वचितच दिसतो. त्याची जागा फोनने घेतली आहे. दिवसभराची मुद्रणे सायंकाळी मुक्कामाच्या खोलीतील एका लहानशा संगणकात जमा करावयाची, अशी आमची रीत. गतवर्षी वऱ्हाडातील एका मुक्कामी ही रीत फसली. संगणकाचा अंकी पत्ता मुलांनी वहीत टिपून ठेवला होता. मध्यंतरी वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने संगणकास निराळाच पत्ता दिला. फोन जुन्या पत्त्यावर मुकाट्याने धडका देत राहिले. ही गोष्ट ध्यानी येईपर्यंत एका विद्यार्थ्याने जागा मोकळी करण्यासाठी मूळ मुद्रणे पुसून टाकली होती. ज्या आजीबाईंचे कथन त्यांत होते त्यांनी ते पुन्हा सांगितले खरे. परंतु दुसऱ्या खेपेचे कथन पहिल्यासारखे असत नाही, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

दोष वहीत अंक लिहून ठेवण्याचा होता. पत्ता बदलतो, नाव टिकते. नावावरून अंकी पत्ता शोधून काढण्याच्या क्रियेस येथे नामनिर्णय म्हटले आहे. अर्पानेटच्या काळी सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या चमूकडून सांभाळली जाई. यंत्रांची संख्या वाढली तशी ती यादी अपुरी पडली, आणि 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी अधिकार वाटून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. जुनी यादी मात्र नाहीशी झाली नाही. ‘होस्ट्स’ नावाच्या छोट्या फाइलीच्या रूपाने ती आजही बहुतेक यंत्रांत असते, आणि बाहेर विचारणा करण्यापूर्वी सामान्यतः तीच प्रथम पाहिली जाते.

अँड्रॉइड फोनातही ती आहे. पण ज्या विभागात ती असते तो केवळ वाचनासाठी खुला असल्याने मूलाधिकार मिळविल्यावाचून तीत एक ओळही घालता येत नाही. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनांवर असा प्रयोग करणे मला तरी अनुचित वाटते. म्हणून दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग राउटरचा. संगणकाचा पत्ता त्यात कायमचा राखून ठेवावा आणि त्याचे नाव राउटरच्याच नामसेवकात नोंदवावे. जाळ्यात शिरणाऱ्या फोनास नामसेवकाचा पत्ता आपोआप मिळतो. नावाचा शेवट मात्र मनास येईल तो घेऊ नये; खाजगी जाळ्यांसाठी ‘इंटर्नल’ हा शेवट 2024 मध्ये आयकॅनने राखून ठेवला आहे, तो घ्यावा. येथे एक खोडा आहे. अँड्रॉइड 9 पासून (2018) ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आली. तीत बाहेरच्या एखाद्या सेवेचे नाव घातलेले असल्यास सर्व विचारणा तिकडेच जातात, आणि त्या सेवेस आपल्या खोलीतील संगणक ठाऊक असण्याचे कारण नाही. ती सोय ‘स्वयंचलित’वर ठेवावी. ब्राउझरातही अशीच निराळी सोय असते, तीही पाहावी.

दुसरा मार्ग नामसेवकावाचूनचा. एमडीएनएस या पद्धतीत (आरएफसी 6762, 2013) फोन 224.0.0.251 या सामायिक पत्त्यावर हाक देतो, की अमुक नावाचे यंत्र कोण? ज्याचे नाव असेल ते स्वतःच उत्तर देते. अशा नावांचा शेवट ‘लोकल’ असा असतो. आयफोनास ही पद्धत पूर्वीपासून अवगत आहे. जुन्या अँड्रॉइडवर ब्राउझरास ही नावे उमगत नसत, अलीकडील आवृत्त्यांत उमगतात. मात्र ही हाक राउटरापलीकडे जात नाही. जेथे वायफायवरील यंत्रे एकमेकांपासून अलग राखलेली असतात (वसतिगृहांत बहुधा असेच असते), तेथे ती कोणासच ऐकू येत नाही.

भाषाभ्यासकाचे कुतूहल जागे व्हावे असा भाग याच पद्धतीत आहे. तीत नावे युनिकोडच्या यूटीएफ-8 रूपात थेट चालतात. तेव्हा संगणकाचे नाव देवनागरीत ‘वऱ्हाड’ का ठेवू नये? आम्ही ठेवून पाहिले. परंतु त्या शब्दातील ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्यासह स्वतंत्र संकेत असलेला ‘ऱ’ आणि पुढे हलन्तचिन्ह. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही एकच. यंत्रास मात्र दोन भिन्न नावे, कारण तुलना संकेतांची होते, लेखिमांची नव्हे. प्रमाणीकरणानेही हा भेद मिटत नाही. शिवाय ब्राउझर देवनागरी नावाचे रोमन संकेतलेखन करून मगच शोध घेतो, आणि ते रूप एमडीएनएसने उत्तर देणाऱ्या यंत्राच्या ओळखीचे नसते. एका कळफलकावरून पोहोचणारा विद्यार्थी दुसऱ्यावरून का पोहोचत नाही, याचा उलगडा होण्यास आम्हांस एक संध्याकाळ लागली.

तूर्त संगणकाचे नाव रोमन लिपीत ठेवले आहे आणि पेटीवर चिकटविलेल्या कागदावर ‘वऱ्हाड’ असे लिहिले आहे. मुक्कामी पोहोचताच प्रत्येकाने आपल्या फोनवरून ते नाव उघडून पाहावयाचे, नंतर राउटर एकदा बंद करून सुरू करावयाचा आणि पुन्हा पाहावयाचे; त्यानंतरच पहिल्या निवेदकाकडे जावयाचे.