वाशीमचे आझाद : उमेदवारी कुणाची, बांधिलकी कुणाशी?

गुलाम नबी आझाद यांच्या राजकारणाचा हिशेब बहुधा दिल्लीत नाहीतर श्रीनगरमध्ये बसून मांडला जातो. अनेक पंतप्रधानांच्या काळातल्या घडामोडी, जम्मू-काश्मीरचं मुख्यमंत्रिपद, राज्यसभेतलं विरोधी पक्षनेतेपद, २०२२ मधलं पद्मभूषण आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसला दिलेली सोडचिठ्ठी, एवढ्यात तो संपतो. त्यात एक गोष्ट हमखास निसटते. जवळपास अर्धशतकाच्या या वाटचालीत थेट जनतेच्या मतांवर आझाद लोकसभेत गेले ते दोनदाच, १९८० आणि १९८४ साली, आणि दोन्ही वेळा वाशीममधून. १९७७ मध्ये आपल्याच डोडा जिल्ह्यातल्या इंदरवालमधून विधानसभा लढवली, हरले. २०१४ मध्ये उधमपूरमधून लोकसभा लढवली, तिथे जितेंद्र सिंह यांनी त्यांना पाडलं. २०२४ मध्ये अनंतनाग-राजौरीतून स्वतःच्या नव्या पक्षातर्फे उभं राहण्याची घोषणा झाली आणि पंधरवड्यात ती मागेही घेतली गेली. भदरवाहने त्यांना विधानसभेत जरूर पाठवलं. राज्यसभेच्या पाच वेळा मिळालेल्या जागा मात्र आमदारांच्या मतांवरच्या. तेव्हा या नेत्याची कारकीर्द तपासायची तर वाशीमपासूनच सुरुवात करायला हवी. आणि ती तपासताना वाशीमलाही स्वतःबद्दल काही विचारावं लागेल.

१९७७ मध्ये काँग्रेसला महाराष्ट्रात ४८ पैकी केवळ २० जागा मिळाल्या. त्या २० मध्ये नव्याने तयार झालेला वाशीम होता, कारण उमेदवार होते वसंतराव नाईक. अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिलेला, शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचा माणूस. ऑगस्ट १९७९ मध्ये सिंगापुरात त्यांचं निधन झालं आणि काही महिन्यांतच मध्यावधी निवडणूक लागली. नाईकांनी बांधलेली घडी शाबूत, जागा भरवशाची, आणि उमेदवारीची खुर्ची रिकामी. संजय गांधींच्या युवक काँग्रेसमधून वर आलेल्या, वयाची तिशी नुकती गाठलेल्या काश्मिरी कार्यकर्त्याला ती मिळाली. त्या वर्षी इंदिरा काँग्रेसने राज्यात ३९ जागा जिंकल्या. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत हा आकडा ४३ वर गेला. अशा दोन निवडणुकांत वाशीम काँग्रेसकडे राहिलं यात नवल नाही. तरीही, मराठी आणि बंजारा समाजाची गोरमाटी बोलणाऱ्या, बहुसंख्येने हिंदू मतदारांनी चिनाबच्या खोऱ्यातल्या एका मुस्लिम तरुणाला दोनदा आपला म्हणून निवडलं, ही लहान गोष्ट नव्हे. आज उमेदवाराची जात-पोटजात मोजून तिकिटं वाटली जातात, अशा काळात तर या घटनेचं मोल अधिकच जाणवतं. वाशीमकरांनी तिचा अभिमान बाळगावा, यात मला शंका नाही.

प्रश्न आहे तो पुढचा. या जागेने आझादांना काय दिलं, ते स्पष्ट आहे. १९८२ मध्ये ते विधी, न्याय व कंपनी व्यवहार खात्याचे उपमंत्री झाले, मग माहिती व नभोवाणी, १९८४ च्या अखेरीस संसदीय कामकाज राज्यमंत्री, पुढे गृह आणि अन्नपुरवठा. १९९० मध्ये ते महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर गेले आणि १९९१ मध्ये नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात संसदीय कामकाज मंत्री झाले. बहुमत नसलेलं ते सरकार १९९२ मध्ये दोन अविश्वास ठरावांतून तरलं, तेव्हा सभागृहाची गणितं जुळवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. ही खरी आझादांची विद्या : कोण कुठे बसलंय, कुणाचं मत कुठे जाईल, कुणाशी कधी बोलायचं. वाशीमला काय मिळालं, याचं उत्तर मात्र शोधावं लागतं. त्यांच्या दोन्ही कार्यकाळांत वाशीम स्वतंत्र जिल्हाही नव्हता. अकोल्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. वाशीम स्थानकावरून जाणारी अकोला-पूर्णा लाईन मीटरगेजच राहिली. ती ब्रॉडगेज झाली २००८ मध्ये. कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी धावणारी ‘शकुंतला’ तर इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीच्या अरुंद रुळांवर, वाफेच्या इंजिनाने डबे ओढत राहिली. तिला डिझेल इंजिन लागलं १९९४ मध्ये. पुढे २००९ ते २०१४ आझाद देशाचे आरोग्यमंत्री होते. वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२४ मध्ये. आणि २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले मागे पडलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या चारांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबादच्या सोबतीला वाशीम होतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. खासदाराचं काम कायदे करण्याचं, रूळ अंथरण्याचं नव्हे. शिवाय खासदार निधीची योजनाच डिसेंबर १९९३ मध्ये आली. ऐंशीच्या दशकातल्या खासदाराच्या हातात मतदारसंघासाठी स्वतःचा एक रुपयाही नव्हता. पाटबंधारे, रस्ते, दवाखाने हे मुंबईचं आणि जिल्हा परिषदेचं काम होतं. आरोग्यमंत्री झाले तेव्हा तर त्यांचं वाशीमशी असलेलं नातं सुटून वीस वर्षं झाली होती, आणि मंत्र्याने जुन्या मतदारसंघाकडे झुकतं माप टाकावं अशी अपेक्षा करणंही चूक. हे सगळं मान्य. म्हणून मागासलेपणाचं खापर मी आझादांच्या माथी फोडत नाही. दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट : बाहेरचा माणूस आणला म्हणून असं झालं, घरचा असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. हा आक्षेप लोकप्रिय आहे, पण वाशीमचाच पुढचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९८९ पासून ही जागा या मातीतल्या माणसांकडेच आहे. अनंतराव देशमुख दोनदा, पुंडलिकराव गवळी १९९६ मध्ये, सुधाकरराव नाईक १९९८ मध्ये. मग १९९९ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी भावना गवळी निवडून आल्या आणि लागोपाठ पाच निवडणुका जिंकल्या, त्यातल्या शेवटच्या तीन यवतमाळ-वाशीम या नव्या मतदारसंघातून. शिवाजीराव मोघे, माणिकराव ठाकरे यांच्यासारखे मुरलेले नेते त्यांनी हरवले. रिसोडची लेक, पंचवीस वर्षं खासदार, आणि तरी २०१८ ची ती यादी तशीच.

म्हणजे दोष बाहेरचा की घरचा, यात नाही. तो उमेदवारी कुठे ठरते यात आहे. १९८० मध्ये वाशीमची जागा दिल्लीत ठरली आणि १९९० मध्ये आझाद राज्यसभेत गेले तेव्हा वाशीमकडे परत येण्याची त्यांना गरज उरली नाही. ज्याला पुन्हा त्याच दारात मत मागायला यायचं नाही, त्याला जाब विचारायचा कुठे? २०२४ मध्ये तेच उलट्या बाजूने घडलं. पाच वेळा जिंकलेल्या गवळी यांचं तिकीट कापलं गेलं आणि हिंगोलीच्या खासदारांची उमेदवारी काढून घेतल्यावर त्यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना इथे उभं केलं गेलं. त्या हरल्या, शिवसेना (ठाकरे) पक्षाचे संजय देशमुख जिंकले. पण गवळी यांच्या कामाचा निकाल द्यायचा अधिकार मतदारांचा होता, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. चुकल्या असतील तर मतदारांनी पाडलं असतं, नसतील तर राखलं असतं. आपल्याकडे तिकीट देणारा आणि कापणारा दोन्ही वरचा, मग खासदाराची नजर खाली राहणार कशी?

या वरच्या ओढीला कायद्याचंही बळ मिळालं आहे, आणि इथे वाशीमचा संबंध विलक्षण आहे. पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती जानेवारी १९८५ मध्ये संसदेने मंजूर केली, तेव्हा वाशीमचे खासदार संसदीय कामकाज खात्याचे राज्यमंत्री होते. आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी तो कायदा हवाच होता, हे खरं. पण त्याने व्हिप मोडणाऱ्याचं पद धोक्यात आणलं, म्हणजे सभागृहातल्या मताची मालकी पक्षाकडे गेली. सदतीस वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या फुटीत त्याच वाशीमच्या खासदार वादाच्या मध्यभागी आल्या. ठाकरे गटाने भावना गवळी यांना लोकसभेतल्या मुख्य प्रतोदपदावरून काढून राजन विचारे यांना नेमलं. शिंदे गटाने गवळी यांनाच कायम ठेवलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र विधानसभेच्या प्रकरणात सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नाही, राजकीय पक्षाचा आहे. कायद्याच्या दृष्टीने निवाडा योग्यच. मात्र या सगळ्या वादात मतदारसंघ नावाचा पक्षकार कुठेच नव्हता.

त्यात २००८ च्या पुनर्रचनेने वाशीमची ताकद आणखी विभागली. जुना वाशीम मतदारसंघ मोडला. वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळला जोडले गेले, रिसोड अकोल्याला. परिणाम असा की भावना गवळी तीन निवडणुका ज्या जागेवरून जिंकल्या, तिच्यात त्यांचं स्वतःचं रिसोड नव्हतंच. २०२४ च्या विधानसभेला त्या रिसोडमधून उभ्या राहिल्या आणि काँग्रेसचे अमित झनक यांच्याकडून हरल्या. आज जिल्ह्याला दोन खासदार आहेत, दिग्रसचे संजय देशमुख आणि अकोल्याचे अनुप धोत्रे. दोघांच्याही मतदारसंघाचा मोठा भाग वाशीमबाहेर आहे. सहा तालुक्यांचा, २०११ च्या गणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येचा हा जिल्हा दोन्हीकडे शेपटासारखा लागलेला.

उमेदवारी पक्ष ठरवतात, तिथे सामान्य मतदाराचं फारसं चालत नाही. हद्दी ठरताना मात्र चालू शकतं. येत्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना व्हायची आहे. मागच्या वेळच्या कायद्यात पुनर्रचना आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात आणि जाहीर सुनावण्या घ्याव्यात, अशी तरतूद होती. पुढच्या वेळी ती संधी आली की वाशीम, रिसोड आणि कारंजा हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ एकाच लोकसभा मतदारसंघात ठेवा, ही मागणी जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती, बाजार समित्या, वकील संघ आणि महाविद्यालयांनी लेखी, मुदतीत आणि सह्यांनिशी नोंदवावी. पक्ष कुठलाही असो, या एका कागदावर सगळ्यांनी सही करावी.