एव्हरेस्टनंतरची वाट : प्रियांका मोहिते यांची पाच अष्टहजारी शिखरे

साताऱ्याच्या गिर्यारोहक प्रियांका मोहिते यांनी ५ मे २०२२ रोजी सायंकाळी ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगा शिखरावर यशस्वी चढाई केली. या चढाईमुळे आठ हजार मीटरहून अधिक उंचीची पाच शिखरे सर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. जगात अशी १४ शिखरे असून ती सर्व हिमालय आणि काराकोरम पर्वतरांगांत आहेत. गिर्यारोहक त्यांना ‘अष्टहजारी’ म्हणतात.

भारतीय महिलांच्या गिर्यारोहणाची चर्चा बहुधा एव्हरेस्टपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या, त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या छावणीवर हिमप्रपात कोसळला होता. डोक्याला दुखापत होऊनही त्यांनी माघार घेतली नाही. पुढे संतोष यादव यांनी १९९२ आणि १९९३ अशा लागोपाठच्या दोन वर्षी हेच शिखर सर केले.

मोहिते यांनीही २०१३ मध्ये एव्हरेस्ट गाठले. मात्र त्यांचे वेगळेपण त्यानंतरच्या वाटचालीत आहे. एव्हरेस्टवीर म्हणून होणारा गौरव इतर शिखरांच्या वाट्याला क्वचितच येतो. असे असतानाही त्यांनी २०१८ मध्ये ल्होत्से आणि २०१९ मध्ये मकालू सर केले. १६ एप्रिल २०२१ रोजी दुपारी दीडच्या सुमारास त्या अन्नपूर्णा शिखरावर पोहोचल्या. हे शिखर सर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

अन्नपूर्णेची उंची ८,०९१ मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून सुमारे साडेसातशे मीटर कमी. उंचीच्या क्रमाने ते जगात दहावे आहे. तरीही अनुभवी गिर्यारोहक त्याला अधिक धोकादायक मानतात. उत्तरेकडील नेहमीच्या मार्गावर वरून हिमकडे कधी सुटतील याचा नेम नसतो आणि अशा वेळी चढणाऱ्याचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. अनेक वर्षे तेथे दर तीन यशस्वी चढायांमागे सुमारे एक मृत्यू असे प्रमाण होते. अलीकडे ते बरेच घटले आहे.

महिलांच्या इतिहासात या शिखराला वेगळे स्थान आहे. आर्लीन ब्लम यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी महिला मोहिमेतील आयरीन मिलर आणि वेरा कोमारकोवा १५ ऑक्टोबर १९७८ रोजी माथ्यावर पोहोचल्या. अन्नपूर्णा सर करणाऱ्या त्या पहिल्या महिला. मात्र त्याच मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीतील दोघींचा चढाईदरम्यान मृत्यू झाला.

२०२१ मधील परिस्थिती वेगळी होती. मोहिते यांच्यासह साठहून अधिक जण एकाच दिवशी शिखरावर पोहोचले. त्यांत पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे गिर्यारोहकही होते. शेर्पांनी बांधलेले दोर आणि कृत्रिम प्राणवायू यांमुळे चढाई सुकर होते, हे मान्यच करावे लागेल. सुटणारा हिमकडा मात्र दोर कोणी बांधला हे पाहत नाही.

मोहिते यांचे गिर्यारोहण नोकरी सांभाळून झाले आहे. अन्नपूर्णेच्या मोहिमेवेळी त्या बंगळुरू येथील औषधनिर्मिती क्षेत्रातील कंपनीत कार्यरत होत्या. २०२० या वर्षासाठीचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार त्यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदान करण्यात आला.

त्यानंतर सहा महिन्यांनी कांचनजंगा. अष्टहजारी शिखरांपैकी महिलेने सर्वांत शेवटी सर केलेले शिखर हेच. ब्रिटनच्या जिनेट हॅरिसन तेथे १९९८ मध्ये पोहोचल्या. के-टू सर करणाऱ्या पहिल्या महिला, पोलंडच्या वांडा रुटकिएविच, १९९२ मध्ये याच पर्वतावर बेपत्ता झाल्या होत्या. सिक्कीममध्ये हे शिखर पवित्र मानले जाते. त्यामुळे १९५५ च्या पहिल्या चढाईपासून गिर्यारोहक माथ्याच्या काही फूट खालीच थांबण्याचा संकेत पाळत आले आहेत.